खुराडं असो की गोठा, थंडीत विस्तव बाहेर ठेवा आणि ऊब आत न्या

दिवाळी सरली की खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात पहाटेचं धुकं उतरायला लागतं. बेळगावच मुळात समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. मार्गशीर्ष-पौषात पहाटे पारा १२-१३ अंशांवर सहज येतो, एखाद्या रात्री दहाच्याही खाली जातो. माणूस घोंगडं ओढतो, परड्यात आगटी पेटवून शेकत बसतो. पण तीन दिवसांचं कोंबडीचं पिल्लू, रात्री जन्मलेलं करडू किंवा आईपासून बाजूला बांधलेलं रेडकू यांना तसं करता येत नाही. म्हणून आपण त्यांच्यासाठी घरच्या घरी काहीतरी जुगाड करतो, आणि नेमकी तिथंच चूक होते.

माझी चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी मागच्या खोलीत शंभर पिल्लं ठेवली होती. रात्री करंट गेला. मी घमेल्यात लाकडी कोळशाचे फुललेले निखारे घेतले, धूर अजिबात नाही हे बघून खोलीच्या मधोमध ठेवले आणि गार वारा नको म्हणून दाराच्या फटीतही पोतं कोंबलं. पहाटे दार उघडलं तर चाळीसच्या वर पिल्लं माना टाकून पडलेली. गारठून मेली असं म्हणावं, तर खोली चांगली उबदार होती. मलाही आत उभं राहिल्यावर दोन मिनिटांत डोकं जड वाटायला लागलं.

धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज मनातून काढून टाका. लाल निखारे हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड सोडतात. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळं छातीत हवा जात असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, हातापायांतलं बळ जाणं ही त्याची लक्षणं. झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. पिल्लांच्या खोलीत राखणीला झोपणारा गडी, उसाच्या फडाजवळ प्लास्टिकच्या खोपीत लेकरं घेऊन झोपणारी तोडकऱ्यांची बाई, यांच्या शेजारी रात्रभर शेगडी राहता कामा नये. तुमच्या रानात टोळी उतरली असेल तर एवढं एक त्यांना स्वतः जाऊन सांगा. खोपीत खाली पिंजराचा (भाताच्या पेंढ्याचा) जाड थर, त्यावर किलतान (गोणपाट) आणि तान्हं मूल आईच्या अंगाला लागून एकाच पांघरुणात, ही ऊब कुठल्याही शेगडीपेक्षा बरी. आणि देता आलं तर एखादं जास्तीचं घोंगडं द्या.

विस्तव पेटवण्याआधी ऊब कुठून निघून जाते ते बघायला हवं. जनावराच्या अंगावर थेट येणारा वारा अडवा, म्हणजे जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंतच्या फटी बुजवा. रात्री वारा ज्या बाजूनं येतो तिथं पोत्यांचा किंवा ताडपत्रीचा पडदा लावा. मात्र आढ्याजवळची मोकळी जागा बंद करू नका. श्वासाची वाफ आणि मुताचा अमोनिया तिथूनच बाहेर पडतो. सकाळी आत गेल्यावर डोळे चुरचुरले, पत्र्याच्या आतून थेंब ठिबकत असले, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त कोंडलंय. ओली ऊब गारठ्यापेक्षा वाईट असते. ब्रॉयलर पाळणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. थंडीत पडदे पूर्ण बंद ठेवलेल्या शेडमध्ये प्राणवायू कमी पडतो आणि पोटात पाणी होऊन पक्षी मरतात.

पिल्लांसाठी करंट असेल तेव्हा बल्बच चांगला. पण पिवळा, तारेचा बल्ब. एलईडी कितीही लखलखीत असला तरी उबेच्या कामाचा नाही. एका पिल्लाला साधारण दोन वॉट धरा, म्हणजे शंभर पिल्लांना शंभर वॉटचे दोन बल्ब. रात्रंदिवस चालवले तर दिवसाला ४.८ युनिट लागतात. जुनं पत्र्याचं घमेलं उलटं टांगा, मधे भोक पाडून त्यातून बल्ब सोडा. वर जाणारी उष्णता खाली परतते आणि वायफळ जात नाही. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो. वजन वायरीवर टाकू नका, साखळीनं टांगा आणि दुसरी एक तार जोडीला बांधा. खाली भाताचं तूस असतं आणि बल्ब पडला तर ते पेटायला वेळ लागत नाही. या लाईनवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी वावरणाऱ्या माणसाचा जीव तो वाचवतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश लागतात, पुढं दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. थर्मामीटर भिंतीवर टांगून उपयोग नाही, तो तुसापासून दोन इंच वर हवा. आणि थर्मामीटरपेक्षाही पिल्लांवर विश्वास ठेवा. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर गारठलीत, बल्ब खाली घ्या. कडेला पंख पसरून, चोची उघड्या ठेवून बसली असतील तर तापलीत. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतोय. गोल कडं करून निवांत पसरली, काही खातायत, काही झोपलीयत, की समजा जमलं. पिल्लं आणायच्या आदल्या दिवशीच बल्ब लावून तूस तापवून ठेवा. गाडीतून गारठून आलेली पिल्लं गार तुसावर सोडली तर पहिल्याच रात्री मागं पडतात आणि पुढं कितीही खाऊ घातलं तरी भरत नाहीत.

करंट गेल्यावर काय? ही अडचण आपल्याकडं खरी आहे, आणि तिच्यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय न्हाणीतला बंब आहे. सालप्याकाटक्या आणि शेणीवर तो पेटवा, पाणी कडकडीत होऊ द्या आणि ते दुधाच्या २० लिटरच्या किटलीत ओता. झाकण लावून किटलीला किलतानाचे दोन पदर गुंडाळा आणि पिल्लांच्या मधोमध ठेवा. एवढं पाणी ८० अंशांवरून ४० वर उतरेपर्यंत जवळजवळ एका युनिटाइतकी उष्णता देतं. म्हणजे वर सांगितलेले दोन्ही बल्ब साडेचार तास चालल्यासारखं. मध्यरात्री एकदा पाणी बदललं की पहाट निघते. पदर कमी असले तर पिल्लं चिकटून भाजतात, म्हणून आधी आपला हात लावून बघा. हात मिनिटभर सुखानं ठेवता आला पाहिजे.

विटा तापवून पोत्यात गुंडाळून ठेवायची पद्धत जुनी आहे आणि वाईट नाही. पण वजनाला वजन धरलं तर पाणी विटेच्या पाचपट उष्णता धरतं. मलप्रभेच्या पात्रातले गुळगुळीत धोंडे मात्र विस्तवात टाकू नका. आत ओल असते, तापले की फुटून तुकडे उडतात. अलीकडं मोबाईलवर फिरणारी युक्तीही बऱ्याच जणांनी विचारली: खाली मेणबत्त्या, वर उलटी मातीची कुंडी. एक मेणबत्ती जळताना साधारण ७०-८० वॉट ऊब देते. कुंडी ती ऊब साठवते आणि हळूहळू सोडते, वाढवत नाही. चार मेणबत्त्या उघड्या ज्योतीनं तुसाजवळ ठेवायच्या आणि मिळणार तीन बल्बांएवढं! जवळजवळ ठेवलेल्या मेणबत्त्यांचं मेण जास्त तापून एकदम भडकतं, ते वेगळंच. गोठ्यात किंवा खुराड्यात हा प्रयोग करू नका.

दोन-तीनशे पिल्लांची खोली असेल तर बाहेर भट्टी आणि आतून नळकांडं, हे बांधायच्या लायकीचं आहे. तेलाच्या १५ लिटरच्या डब्याला तळाशी बाजूनं दोन-अडीच इंचाचं भोक पाडा. भोकातून एक आडवा आणि मधे उभा, असे दोन दांडे किंवा पाईपचे तुकडे एकमेकांना भिडवून ठेवा, भोवती लाकडाचा कोरडा भुसा पायानं ठासून भरा आणि दांडे अलगद काढून घ्या. खालून पेटवलं की हा भुसा मधल्या पोकळीतून कडेला जळत पाच-सहा तास पुरतो. डबा खोलीच्या बाहेर, भिंतीला लागून. त्याच्यावर बसणारा सहा इंची पाईप भिंतीतून आत घ्या, खोलीभर चढता न्या आणि समोरच्या भिंतीतून बाहेर काढून छपराच्या वर सोडा. चढ नसेल तर धूर उलटा येतो. सांधे चिकणमाती आणि शेण कालवून लिंपा, दर आठवड्याला भेगा बघा. भट्टीजवळचा पहिला तुकडा साध्या लोखंडाचा घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा फार तापला की विषारी धूर सोडतो. भिंतीतून पाईप जातो तिथं भोवती दगडमाती हवी, आणि लाकूड, पिंजर, प्लास्टिक यांच्यापासून तो दीड फूट लांब. भुशाऐवजी रंग दिलेलं लाकूड, टायर, औषधांचे डबे जाळू नका. आढ्याची मोकळी जागा इथंही उघडीच ठेवायची, कारण पाईपला भेग कधी पडेल हे सांगता येत नाही.

वासराला-करडाला मात्र बहुतेक वेळा हीटर लागतच नाही. त्याला लागतं कोरडं अंग, कोरडी गादी आणि पोटात चीक. जन्मल्याबरोबर गोणपाटानं चोळून केस उभे राहीपर्यंत कोरडं करा आणि पहिल्या तासात चीक पाजा. खाली पिंजर किंवा उसाचं कोरडं पाचट एवढं पसरा की वासरू बसल्यावर त्याचे पाय दिसू नयेत. गादी कोरडी आहे का हे बघायचं तर त्यावर गुडघे टेकून बसा. उठल्यावर गुडघा ओला लागला तर वासरूही रात्रभर ओलंच आहे. पोत्याला चार बाजूंनी बंद लावून झूल शिवा, पण दुपारी उन्हात ती काढा आणि वाळवा.

करडू गारठून पडलं असेल तर त्याच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड गार आणि चोखत नसेल तर तसंच दूध ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावा, अंग झाकून धरा आणि चोखायला लागल्यावरच चीक द्या. जन्मून पाचेक तास उलटून गेलेलं, उपाशी करडू असेल तर नुसती ऊब देऊन भागत नाही. रक्तातली साखर संपलेली असते आणि अंग तापायला लागलं की झटके येतात. अशा वेळी आधी पशुवैद्यांना फोन करून ग्लुकोजचं विचारा, मग ऊब द्या.

रोपवाटिकेचं थोडक्यात. मिरची-टोमॅटोच्या ट्रेला विस्तवाची गरज नाही. बांबूच्या कमानींवर प्लास्टिक टाकून ठेंगणा बोगदा करा, दुपारी चारच्या सुमारास, ऊन असतानाच झाका आणि सकाळी नऊला उघडा. आत काळा रंग दिलेल्या बाटल्यांत पाणी भरून ओळीनं ठेवा, त्या दिवसा तापतात आणि रात्री ऊब सोडतात. दोनशे लिटरचा काळा पिंप जागेत मावला तर त्याहून बरा. दहा अंश उतरताना तो दोन युनिटांपेक्षा जास्त उष्णता देतो आणि खर्च काहीच नाही. पहाटे गारठा असेल त्या दिवशी विहिरीचं पाणी संध्याकाळी द्या, थंडीत ते हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली माती ऊब जास्त धरते. ट्रे मात्र चिंब करू नका, रोपं बुडाशी कुजतात.

संक्रांत झाली म्हणून लगेच बल्ब उतरवू नका. दुपार तापायला लागते, पण पहाटेचा गारठा रथसप्तमीच्या आसपासही पिल्लांना बाधतो. दिवसा बल्ब बंद आणि रात्री नऊनंतर चालू, असं आठवडाभर करून बघा, रात्री पिल्लं पसरून झोपायला लागली की मग काढा. भट्टीचा पाईप उतरवाल तेव्हा आतली काजळी त्याच दिवशी झाडून टाका आणि तोंडाला पोतं बांधून माळ्यावर ठेवा, नाहीतर पुढच्या दिवाळीला त्यात गांधीलमाशीचं पोळं निघतं आणि धूर कुठं अडलाय ते कळत नाही.