गावातल्या माणसाचा सत्कार करायचा असेल तर

पहिल्या वर्षी आमचा सत्कार पार फसला होता, तिथूनच सुरू करतो. गावात नळ सोडणाऱ्या काकाजींचा सत्कार ठेवला, टाइम सहाचा, पाहुणे आले साडेआठला, मग पाहुण्यांचीच भाषणं, सन्मानचिन्हावर काकाजींचं आडनाव चुकलेलं, आणि अख्ख्या प्रोग्राममध्ये काकाजींनी नेमकं काय केलं हे एकाही माणसानं सांगितलं नाही. रात्री साडेनऊला काकाजी शाल काखेत धरून टाकीवर गेले, मोटार चालू करायची होती, सकाळी लोकांना पाणी पाहिजे ना. त्या दिवसापासून आम्ही पोरांनी ठरवलं की करायचं तर नीट करायचं.

सगळ्यात आधी माणूस निवडणं. ओट्यावर चार जण बसून नाव ठरवलं की हमखास कोणाचा तरी सोयरा निघते आणि गाव दोन गटात फुटते. आम्ही आता चक्कीवर, पाणवठ्यावर, निंदायला जाणाऱ्या बायांना एकच प्रश्न विचारतो: रात्री-बेरात्री अडचण आली तर तुम्ही कोणाचं दार वाजवता? पंधरा-वीस घरं झाली की तीच तीच दोन-तीन नावं यायला लागतात. आशाताई, विजेच्या लाइनवर काम करणारा पोरगा, बाळंतपणात धावून जाणारी म्हातारी माय, साप निघाला की मोटरसायकल काढणारा सर्पमित्र. पुढच्या निवडणुकीत जो उभा राहणार आहे त्याचं नाव त्या वर्षी घेऊ नका, कितीही चांगला माणूस असला तरी. आणि आचारसंहिता लागलेली असेल तर ग्रामसेवकांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका.

नाव पक्कं झालं की ग्रामसभेत ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा बहुतेक गावांत होतातच, त्याच्या आधी विषय लेखी देऊन अजेंड्यावर टाकून घ्या, सूचक अनुमोदकाची नावं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. ठराव झाला म्हंजे सत्कार गावाचा होते, नाहीतर तो एका मंडळाचा राहते.

आता त्या माणसाला विचारा. हे लोक विसरतात! कित्येक जण नाहीच म्हणतात, लाजतात, "मी काय केलं बाप्पा" म्हणतात, तर दोनदा घरी जा, घरच्यांशी बोला. मजुरी करणारं कोणी असेल तर त्याची रोजी बुडू नये म्हणून प्रोग्राम संध्याकाळी ठेवा. आणखी एक, सत्कारमूर्ती बाई विधवा असेल तर हळदीकुंकू, ओटी हे त्यांना मान्य आहे का ते आधी घरी जाऊन हळू विचारून घ्या आणि स्टेजवरच्या बायांनाही सांगून ठेवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, त्यानंतर शासनानंही परिपत्रक काढलं, म्हणून "गाव काय म्हणेल" ही भीती आता धरू नका. आमच्या आशाताईंना कुंकू लावलं तेव्हा पहिल्या रांगेतली त्यांची सासूच आधी उठून उभी राहिली.

आता मानपत्र. माझ्या मते सगळा जीव इथं ओता, बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालते. "आपण समाजासाठी अमूल्य योगदान दिले" असं लिहिलं तर ते कोणालाही चिकटते, गावच्या पुढाऱ्यालाही आणि रिटायर मास्तरलाही. त्यापेक्षा वही घेऊन दहा घरी जा, प्रत्येकाला एक प्रसंग सांगायला लावा, तारीख नाही आठवली तरी "तुरीच्या सवंगणीत", "पोळ्याच्या आदल्या दिवशी" असं लिहा. काकाजींचं दुसऱ्यांदा मानपत्र लिहिलं (हो, आम्ही दोन वर्षांनी परत सत्कार केला, मनाला लागलं होतं) तेव्हा त्यात हे होतं: पहाटे साडेचारला व्हॉल फिरवायला निघतात, वरच्या वस्तीत पाणी चढत नाही म्हणून तिकडं अर्धा तास जास्त सोडतात, स्वतःच्या पोरीच्या लग्नाच्या दिवशीही आधी पाणी सोडलं आणि मग मांडवात आले. लग्नाचं वाक्य वाचलं तेव्हा मागं बसलेल्या बायांमधून आवाज आला, "खरं आहे, खरं आहे". एका पानाच्या वर लिहू नका, आणि वाचायला लावा वरच्या वस्तीतल्या एखाद्या पोरीला, म्हंजे ज्याला त्या कामाचा उपयोग झाला त्यानंच वाचायचं. छापायच्या आधी नाव, आडनाव, गाव घरच्यांकडून तपासून घ्या, आधार कार्डवर जसं आहे तसं.

दिवस कोणता? मे महिन्यात आमच्याकडच्या उन्हात कोणी बसत नाही, पेरणीत आणि कापूस वेचणीच्या ऐन भरात बाया येत नाहीत. गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, २० डिसेंबरला, आम्ही सकाळी सगळ्यांनी झाडू घेऊन गाव झाडतो आणि संध्याकाळी सत्कार. बाबा स्वतः कोणाला पाया पडू देत नव्हते, आधी गाव झाडायचे मग कीर्तन, म्हणून तो दिवस शोभते. झाडीपट्टीत, म्हंजे चंद्रपूर-गडचिरोलीकडं, नाटकाच्या रात्री अख्खी पंचक्रोशी जमते, पडदा वर जायच्या आधी दहा मिनिटं मागून घ्या, यापेक्षा मोठी गर्दी कुठं मिळणार.

पाहुणे आले नाही तरी ठरल्या टायमावर सुरू करायचं. सत्कारमूर्तीला खुर्ची मधली, त्यांच्या बाजूला नवरा किंवा बायको, आणि भाषण सगळे मिळून वीस मिनिटं. पैसे वर्गणीतून, हिशोब दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. शाल जाडी घ्या, थंडीत वापरता आली पाहिजे, आणि महागड्या मोमेंटोच्या जागी कामाची वस्तू द्या, काकाजींना आम्ही चांगली टॉर्च आणि गमबूट दिले. नंतर आलुबोंडे आणि चहा, बस झालं.

काम खरंच मोठं असेल तर तिथं थांबू नका. महिला व बालविकासाच्या कामासाठी गावपातळीवर अहिल्यादेवी होळकर पुरस्कार आहे, ३१ मे च्या जयंतीच्या आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. कास्तकार असेल तर तालुका कृषी कार्यालयात विचारा, शेतीनिष्ठ, कृषिभूषण, जिजामाता कृषिभूषण असे पुरस्कार असतात. आणि पद्मसाठी कोणताही नागरिक राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर नामांकन भरू शकते, फुकट, कामाचं वर्णन ८०० शब्दांत बसवायचं, आणि तुमची दहा घरांची वही तिथंही कामी येते. पद्म काही शहरवाल्यांसाठीच नाही, मेळघाटातल्या बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये, झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये, अनाथ, दिव्यांग मुलांना सांभाळणाऱ्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसऱ्या दिवशी मानपत्राची एक कॉपी शाळेत द्या, एक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, आणि फोटो घरी नेऊन द्या, नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, फोटोच्या खाली फोन नंबर वगैरे तर अजिबात नको. फोटो द्यायला जाल तेव्हा पुढच्या वर्षीचं नाव त्यांनाच विचारा. काकाजींना विचारलं तर त्यांना विचारही करावा लागला नाही, म्हणाले, पावसाळ्यात सरण भिजू नये म्हणून स्वतःच्या कोठ्यात कोरडी लाकडं ठेवतो ना तो बुवा, त्याले बोलवा.