कुरिअरच्या बिलाचे कोडे कसे सुटले

पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांकडून मठारकाम (हातोडीने ठोके देण्याचे काम) केलेली तांब्याची भांडी घेऊन ती ऑनलाइन विकण्याचा व्यवसाय मी सुरू केला, तेव्हा मागणी बरी येत होती. नफा मात्र हाती उरत नव्हता. कुरिअरची बिले तपासल्यावर कारण दिसले. भांडे व वेष्टन मिळून वजन दोन किलोच्या आत असूनही आकारणी सात किलोंहून अधिक वजनाची होत होती. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरतात, आणि हे दुसरे वजन काढण्यासाठी लांबी, रुंदी व उंचीच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला बहुधा ५,००० ने भागतात. माझा खोका ४० × ३० × ३० सेंमीचा होता, म्हणजे ७.२ किलो, थोडक्यात, मी हवा पाठवण्याचेच पैसे मोजत होतो.

रविवार पेठेतून २५ × २२ × २२ सेंमीचे पाचपदरी पुठ्ठ्याचे खोके आणले, त्यामुळे हा आकडा २.४२ किलोंवर आला. जागा कमी झाल्याने पोचा पडण्याची भीती होती, म्हणून भांड्याच्या काठाभोवती पुठ्ठ्याचे कडे बसवले; बबल रॅपच्या जाड थरांपेक्षा ते अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. पाठवण्यापूर्वी मोजपट्टी लावलेल्या खोक्याचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण वजनाबाबत वाद झाल्यास तोच पुरावा ठरतो.