फायरवॉल टाकताना कीबोर्ड गप्प : माझा अनुभव

जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर आधारलेली फायरवॉल (नेटवर्कची राखण करणारं सॉफ्टवेअर) टाकत होतो. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) कीबोर्ड नीट चालला, बूट मेनूतही चालला. इन्स्टॉलरचा पहिला पडदा आला आणि एकही की लागेना. नम लॉकचा दिवाही लागत नव्हता.

हा दिवा फार उपयोगी. नम लॉक दाबल्यावर तो लागत-विझत असेल तर कीबोर्ड जिवंत आहे आणि घोटाळा इन्स्टॉलरमध्ये शोधावा. माझा मेलेलाच होता. बूट मेनूपर्यंत यूएसबी कीबोर्ड बायॉस सांभाळतं. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चालू झाला की त्याचा स्वतःचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) ताबा घेतो, आणि जुन्या मदरबोर्डांवर हा ताबा देतानाच गडबड होऊ शकते.

म्हणून बायॉसमध्ये जाऊन 'एक्सएचसीआय हँड-ऑफ' (यूएसबी ३ चा ताबा सिस्टिमकडे देण्याची सोय) चालू केलं, 'लेगसी यूएसबी सपोर्ट' (बायॉसनं यूएसबी कीबोर्ड सांभाळण्याची सोय) चालूच ठेवलं. कीबोर्ड निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून काढून मागच्या काळ्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावला. रीस्टार्ट केल्यावर बाण चालले, एंटर चाललं! यातलं नेमकं कशानं काम झालं ते वेगवेगळं तपासलं नाही.

एवढ्यानंही जमलं नाही तर गोल पिनांचा पीएस/२ कीबोर्ड मागून आणा. त्याला यूएसबीशी देणंघेणंच नसतं. मात्र तो मशीन बंद असतानाच जोडायचा.

फायरवॉल बसली की पुढचं काम दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून होतं, कीबोर्ड काढून टाकता येतो. त्याआधी बायॉसमध्ये 'हॉल्ट ऑन' (कोणत्या चुकीवर सुरू होताना थांबायचं) असेल तर 'ऑल, बट कीबोर्ड' निवडा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर मशीन कीबोर्ड मागत अडून बसेल.