अंगावरचं पांघरूण ओढण्याआधी

शेवटाकडे निघालेल्या माणसाबद्दल डॉक्टर "आता घरी न्या, सेवा करा" म्हणाले की घरचे लोक आधी सामानाच्या मागे लागतात. लोखंडी कॉट, एअर बेड, ऑक्सिजन, घशातला कफ ओढायचं सक्शन मशीन. भाड्यानं सगळं मिळतं आणि त्यातलं निम्मं कोपऱ्यात पडून राहतं. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. निवृत्त झाल्यापासून सांगली-मिरजेकडच्या अशा घरांमध्ये जाते. पहिल्या दिवशी मी सामान बघत नाही. आजारी माणसाला हात लावण्याआधी घरचे त्याच्याशी बोलतात का, एवढंच बघते. बहुतेक घरांत बोलत नाहीत. माया नसते असं नाही, घाई असते. चादर ओढली, कूस वळवली, पुसलं, डायपर बांधला, झालं. जिनं जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती म्हातारी तिघांसमोर उघडी पडलेली असते, दार सताड उघडं असतं आणि बाहेर कोणीतरी चहा विचारत असतं.

तेव्हा सुरुवात दारापासून करा. वेगळी खोली नसेल तर दोरीवर जुनी साडी टाका, पडदा झाला. आत जाताना नुसतं "आक्का, मी येतेय" म्हणायचं. हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं: "आता डाव्या कुशीवर घेते, पाठ पुसायची आहे." माणूस बेशुद्ध असला तरी सांगायचं. ऐकू येतं की नाही याची खात्री नसताना, येतं असं धरून चालावं.

अंग पुसण्याची रीत अशी. दोन भांडी कोमट पाणी, दोन पंचे, एक मऊ चादर. चादर अंगावर राहू द्यायची, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करायचा आणि पुसून लगेच झाकायचा. तोंड, हात, छाती, पाय, पाठ आणि सगळ्यात शेवटी मांड्यांमधली जागा, तीही वेगळ्या फडक्यानं. हातात थोडंही बळ असेल तर तिथलं फडकं पिळून त्यांच्याच हातात द्या आणि तोंड फिरवून उभे राहा. नीट पुसलं जाणार नाही. नाही तर नाही, उरलेलं नंतर आपण पुसू. हाडांत कॅन्सर उतरलेला असेल तर कूस बदलताना जीव जातो. डॉक्टरांनी मधल्या वेळेसाठी दुखण्याचा जादा डोस दिलेला असेल, तर तो अंघोळीआधी अर्धा-पाऊण तास द्या.

कोणी पुसायचं, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारतच नाही. सुनेनं करायचं, हे धरूनच चालतात. माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. सून कामाला लागली की ते डोळे गच्च मिटून घ्यायचे आणि घरच्यांना वाटायचं, गुरुजींना ग्लानी येते. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि विचारलं, "तुमचं कोणी केलेलं चालेल?" म्हणाले, "धाकट्याला सांगा. त्याला लहानपणी मीच धुतलाय." धाकटा मुलगा दुकान बंद करून रात्री यायचा, म्हणून अंघोळ रात्री ठेवली. अंघोळ सकाळीच व्हायला हवी असा काही नियम नाही. बाईमाणसाचं करायला मुलगाच एकटा घरात असेल तर नर्सिंग ब्युरोतून बाई बोलवा, निदान त्या अर्ध्या तासाला शेजारच्या वहिनींना हाक मारा. आणि ब्युरोच्या बाईला आजारी माणसाचं नाव सांगा, नुसतं "पेशंट" म्हणून हातात देऊ नका. "काकू म्हणायचं, चहा बिनसाखरेचा, उजव्या कानानं कमी ऐकू येतं," एवढी ओळख पुरते.

कपड्यांचं सांगते. मॅक्सी सोयीची, पण नऊवारीत आयुष्य गेलेल्या बाईला मॅक्सीत उघडं वाटतं. मॅक्सी पाठीत उभी फाडून बंद लावा, वरून जुन्या मऊ पातळाचा तुकडा पदरासारखा खांद्यावर टाका. पुरुषांचा सदराही तसाच पाठीत उभा कापायचा, समोरून बटणं लावलेली दिसतात. कवळी, चष्मा, कानाचं मशीन हे "आता कशाला" म्हणून कपाटात ठेवू नका. कवळीशिवाय भेटायला आलेल्यांपुढे पडून राहायचं कुणाला आवडत नाही. दाढी, वेणी, कुंकू, गंध, जे रोजचं होतं ते रोज. केस विंचरणं नकोसं होतंय म्हणून कापायचे असतील तर आधी विचारा. विचारायचं म्हणजे उत्तर "नको" आलं तर ऐकायचं.

लघवी-संडासचं बोलताना घराघरात एक शब्द ऐकते, "घाण केली." तो बंद करा. "कपडे बदलायचेत" म्हणा. जोवर माणूस सांगू शकतो तोवर दिवसा डायपर नको. युरिन पॉट हाताशी ठेवा, बेडपॅन कोमट पाण्यातून काढून पुसून द्या, थंडगार पत्रा कोणाच्याही कमरेखाली सरकवू नये. उशाशी घंटा ठेवा, देवघरातली चालते. घंटा वाजली की लगेच जायचं. दहा मिनिटांनी गेलात तर पुढच्या वेळी ते वाजवणार नाहीत, आणि पाणी पिणंही कमी करतील. असं करणारे मी खूप पाहिलेत.

वासाचं कोणी उघड बोलत नाही. स्तनाची किंवा तोंडाची गाठ फुटून जखम झाली की वास सुटतो, नातवंडं खोलीत यायची थांबतात आणि आजारी माणसाला ते कळतं. उदबत्त्यांचा धूर करून उपयोग नाही, उलट मळमळतं. जखम सलाइनच्या पाण्यानं धुऊन त्यावर मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून भुरभुरतात. डॉक्टरांना विचारून करा, थोड्या दिवसांत फरक पडतो. खिडकी उघडी ठेवा, ड्रेसिंगचा कचरा खोलीत साठवू नका. आणि तोंडाला पदर लावून आत जाऊ नका.

आता पाठ. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या आणि २०१५ साली जाईपर्यंत तिथल्या सिस्टरांच्या हाती होत्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांचं प्रकरण चाललं तेव्हा एवढ्या वर्षांत त्यांना बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, नाही, हेही पुढे आलं. आम्हा नर्सेसना त्या एका गोष्टीचा फार अभिमान आहे. त्यात जादू नाही. दर दोन तासांनी कूस. पूर्ण आडवं वळवायचं नाही, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं ठेवायचं, म्हणजे खुब्यावर सगळा भार येत नाही. दोन गुडघ्यांमध्ये उशी. पोटऱ्यांखाली अशी उशी की टाचा अधांतरी राहतील. वळवताना माणसाला ओढायचं नाही, कमरेखाली घडी घातलेलं जुनं धोतर अंथरायचं आणि दोघांनी दोन बाजूंनी ते उचलून सरकवायचं. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. जागा काळपट, गरम किंवा टणक लागते, तिथे भार देऊ नका आणि चोळूही नका. पूर्वी स्पिरिट आणि पावडर चोळायचे, ते बंद करा. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको. एअर बेड घेतला तरी कूस बदलणं सुटत नाही. अगदी शेवटच्या दिवसांत मात्र दोन तासांचं घड्याळ सोडा. वळवताना कण्हत असतील तर आरामात पडलेत तसं राहू द्या.

दुखण्यावर मॉर्फिनची गोळी दिली की घरात कुजबुज सुरू होते, "सवय लागेल", "याने लवकर जातील". कॅन्सरच्या दुखण्याला बेतानं, डॉक्टरांच्या हिशेबानं दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. दुखलं की द्यायची गोळी नव्हे ती, घड्याळाप्रमाणे द्यायची. ओरडेपर्यंत वाट बघायची नाही. तिच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, कारण बद्धकोष्ठ हमखास होतं आणि मग एनिम्याची पाळी येते, ज्यात पुन्हा सगळी लाज जाते. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलल्यानं ही गोळी ठेवणं रुग्णालयांना सोपं झालं, तरी गल्लीतल्या मेडिकलमध्ये ती मिळणार नाही. कॅन्सर रुग्णालयात पॅलिएटिव्ह विभाग, म्हणजे रोग बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारा विभाग, कुठे आहे ते विचारा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, टाटा कॅन्सर रुग्णालयाचं पथक मुंबईत घरी येतं. धाप लागत असेल तर उशाकडून उठवून बसतं करा आणि छोटा पंखा तोंडावर वारा येईल असा लावा. त्यानं खरंच हलकं वाटतं.

खाण्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. "दोन घास खा, माझ्यासाठी खा." शरीर आवरतं घेत असतं तेव्हा भूक मरते. न खाल्ल्यानं ते मरत नसतात, मरणाकडे निघालेत म्हणून खात नसतात. चमच्यानं पेज कोंबली की ती श्वासनलिकेत जाते. सलाइनचा हट्टही तसाच. शेवटच्या दिवसांत चढवलेलं पाणी अंगावर सूज आणतं, छातीत घरघर वाढवतं. त्यापेक्षा तोंड ओलं ठेवा. गॉजचा तुकडा पाण्यात पिळून जीभ, हिरड्या, गालाच्या आतली बाजू दर एक-दोन तासांनी पुसा, ओठांना खोबरेल लावा. पण ऑक्सिजन चालू असेल तर तेल किंवा व्हॅसलीन नको, नुसतं पाणी. आवडत असेल तर पाण्याऐवजी चहा किंवा नारळपाणी टिपा. एका आजोबांना शेवटी उसाच्या रसाची चव हवी होती. बोळाभर रसानं ते किती खूश झाले!

"त्यांना सांगू नका हं सिस्टर," असं मला दारातच सांगतात. आणि आत गेल्यावर आजारी माणूस म्हणतो, "पोरांना सांगू नका, पण मला माहीत आहे." दोघं एकमेकांसाठी नाटक करत बसतात आणि बँकेच्या सह्या, वाटण्या, कोणाची माफी मागायची ती, सगळं राहून जातं. रोगाचं नाव ठणकावून सांगा असं मी म्हणत नाही. "तुम्हाला काय वाटतंय?" एवढं विचारा आणि गप्प बसा. मग पुढचं विचारा: आणखी बिघडलं तर दवाखान्यात जायचं की इथेच? हे आधी ठरलेलं नसलं की रात्री दोनला कोणीतरी १०८ ला फोन करतं, आणि ज्यांना घरी राहायचं होतं ते नळ्या लावून आयसीयूत पोचतात. सन्मानानं मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये मान्य केला. कृत्रिम उपाय नकोत असं माणूस आधी लिहून ठेवू शकतो. जानेवारी २०२३ पासून त्याच्या अटी सोप्या झाल्यात: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीनं कोण बोलेल त्यांची नावं त्यात घाला. ते कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका फाइलमध्ये घालून दाराजवळ टांगा, आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या भावंडांना फोनवर वाचून दाखवा. गोंधळ बहुधा शेवटी पोचणारेच घालतात.

जवळ आलं की माणूस जास्त झोपतो, लघवी कमी आणि गडद होते, हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट चकंदळं दिसतात. श्वास भरभर चालतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर ऐकू येते, ती ऐकणाऱ्याला जास्त सोसवत नाही. कुशीवर वळवून डोकं थोडं उंच करा. सक्शनची नळी घशात घालू नका.

गंगाजल द्यायचं असेल तर जरूर द्या, पण चमच्यानं ओतू नका. तुळशीच्या पानानं ओठांवर एक थेंब पुरे. खाली जमिनीवर घ्यायची पद्धत काही घरांत असते. हाडं दुखणाऱ्या माणसाला श्वास चालू असताना चौघांनी उचलणं म्हणजे हाल आहेत. तसं करायचंच असेल तर आधीपासून गादी जमिनीवर घाला, नाहीतर श्वास थांबल्यावर उतरवा. भटजींना विचारलं तर तेही बहुतेक वेळा हो म्हणतात. भजन लावायचं की रेडिओ की काहीच नको, हे ज्याचं त्याला विचारून ठेवा. एका कट्टर कम्युनिस्टाच्या उशाशी मावशीनं जपाचं यंत्र लावलेलं मी बंद केलं होतं. माणसं बोलवा, पण दोन-दोन करून, आणि "किती वाळलेत हो" हे खोलीबाहेर बोला.

श्वास थांबला की घाई नसते. डोळे मिटा, कवळी लगेच बसवा कारण जबडा लवकर आखडतो, हनुवटीखाली गुंडाळलेला पंचा ठेवा. तेव्हाही दार लावून, झाकून, सांगूनच अंग पुसायचं. शेवटच्या आजारात बघणाऱ्या डॉक्टरांना बोलवा. घरच्या मृत्यूचा दाखला नमुना ४अ वर ते देतात, म्हणून "घरीच गेले तर तुम्ही याल ना?" हे त्यांना आधीच विचारून ठेवायचं. नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजा आणि जिथून आणल्या तिथे परत द्या, शेजारच्या दुखणेकऱ्याला देऊ नका. एअर बेड मात्र पुसून, वाळवून, पंप चालतो का ते बघून पुढच्या घरासाठी द्या. मला फोन केलात तर कुठे हवाय ते मी सांगेन.