ड्युटी लिस्ट कोण लिहितं?

माझं गाव धडगाव तालुक्यातलं, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचं. घरात आमची आदिवासी बोली पावरी बोलायचो, मराठी शाळेत शिकले, आणि इंग्रजीशी खरी गाठ पडली ती नर्सिंगला आल्यावर. आज मी वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे, सरकारी भाषेत परिसेविका. आमच्याकडच्या कितीतरी जणी हाताने उत्तम काम करतात, पण इनचार्जच्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी शिक्षणाचं. बीएस्सी नर्सिंगला बारावी सायन्स लागतं आणि ते कॉलेज आमच्या पाड्यांपासून लांब असतं, म्हणून बऱ्याच मुली २ वर्षांचं एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका आणि सुईणीचं शिक्षण, करतात. त्यात कमीपणा मानू नका. नोंदणी झालेल्या एएनएमला जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंगच्या डिप्लोमाला, प्रवेश घेता येतो, जीएनएमनंतर २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आहे आणि पुढे एमएस्सी. मी याच वाटेने आले. वेळ जास्त लागतो, पण एएनएमच्या काळात केलेली बाळंतपणं पुढे पावलोपावली कामी येतात.

एक मात्र कळकळीने सांगते, जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. माझं प्रमाणपत्र हातात यायच्या आत प्रवेशाची तारीख निघून गेली आणि अख्खं वर्ष मी शेतात काढलं.

आता मुख्य मुद्दा. नोकरी लागल्यावर आमच्या वाट्याला काम भरपूर येतं. सलाईन, ड्रेसिंग, नाईट, सगळं. ड्युटी लिस्ट (कोणाची कधी पाळी), इंडेंट (वॉर्डसाठी लागणाऱ्या औषध-सामानाची मागणी), रिपोर्ट बुक (पेशंटच्या नोंदींची वही) यांच्या जवळ मात्र आम्हाला कोणी बोलवत नाही, आणि आम्हीही भाषेच्या भीतीने लांबच राहतो. वॉर्ड चालतो तो या वह्यांवर. माझी पहिली काही वर्षं हे न कळताच गेली.

एका रात्री एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा पाय धरून ओरडत होता. सूज नाही, ताप नाही. हा इंजेक्शनसाठी नाटक करतो, असं वॉर्डात बोललं जात होतं. मी त्याच्याशी पावरीत बोलले. लहानपणापासून असं दुखतं, भावालाही दुखायचं, म्हणाला. आमच्या भागात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, घरोघरी ऐकलेला. डॉक्टरांना सांगितलं, तपासणी झाली, तोच निघाला. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना मी हे सगळं तोंडी सांगितलं, लिहिलं काहीच नाही. काही दिवसांनी तसंच दुखणं घेऊन एक मुलगी आली, मी रजेवर होते, आणि पुन्हा तेच ‘नाटक’. त्या मुलीने रात्रभर सोसलं.

आमच्या तेव्हाच्या इनचार्जबाईंनी मला समोर बसवून रिपोर्ट बुक उघडलं. “तू ओळखलंस, पण वॉर्डाला कुठे शिकवलंस?” म्हणाल्या. त्या आठवड्यात त्यांनी मला सगळ्यांसमोर सिकलसेलवर दहा मिनिटं बोलायला लावलं. हात थरथरत होते, इंग्रजी शब्द अडत होते. मी मराठीत बोलले, आणि सगळ्यांना कळलं.

तेव्हापासून मी वह्या मागून घ्यायला लागले. तुम्हीही पहिल्या वर्षातच विचारा, “बाई, या महिन्याचं इंडेंट मी लिहू का? तुम्ही तपासा.” बहुतेक इनचार्ज खूश होतात, कारण त्यांच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं. रिपोर्ट लिहिताना इंग्रजी चुकेल, पण वेळ, डोस आणि पेशंटची तक्रार चुकता कामा नये. भाषा सवयीने येते.

ड्युटी लिस्टचं तर वेगळंच. मी पहिल्यांदा लिहायला बसले तो महिना होळीचा होता. दिवाळीच्या रजा सगळ्यांच्या लक्षात असतात. होळी आणि त्याआधी भरणारा आम्हा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार आमच्यासाठी काय असतो, हे लिस्ट लिहिणाऱ्याला माहीतच नसायचं. दरवर्षी आमच्या मुली नाईटला आणि गावात ढोल. मी पेन्सिलीने नावं मांडली, खोडली, परत मांडली. ज्यांना दिवाळीत सुट्टी मिळाली होती त्यांना जाऊन विचारलं. दोघी लगेच तयार झाल्या, एकीला दोनदा विनवावं लागलं. त्या वर्षी वॉर्डातल्या आमच्या पावरा समाजाच्या तिन्ही मुली होळीला घरी गेल्या.

त्यातली एक आता इंडेंट लिहिते. पुढच्या महिन्याची लिस्ट तिला करायला दिली आहे, मी फक्त नाईट ऑफ, म्हणजे रात्रपाळीनंतरच्या सुट्ट्या, तपासणार.