मिक्सर जोडलेला असताना पिकअपचा फाळका: माझा अनुभव

काँक्रीट मिक्सर मागे जोडलेला असला की पिकअपचा फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झाकण, खाली सोडता येत नाही. मिक्सरच्या ओढदांड्यावर नाहीतर त्याच्या जॅकच्या हँडलवर आपटतो. सिमेंटच्या गोण्या काढायला दरवेळी मिक्सर कोण सोडणार? म्हणून फाळकाच उतरवला.

बिजागरीची स्प्लिट पिन (टोकं वाकवून अडकवलेली छोटी पिन) काढून मोठी पिन सरकवायची. आपल्याकडच्या धुळीनं ती हमखास जाम होते. रात्री तिच्यावर डिझेल सोडा, सकाळी पंच (बोथट टोकाचा लोखंडी दांडा) लावून ठोका. थेट हातोडा मारला तर पिनेचं तोंड पसरतं अन् ती आणखीच अडकते. शेवटची पिन निघताना फाळका दोघांनी धरा.

खरा घोळ पुढेच. फाळका नसला की भरल्या गाडीच्या दोन्ही साईड बाहेर फाकतात. त्यांच्या मागच्या टोकांना आतून सी-चॅनेल (खाच असलेली लोखंडी पट्टी) वेल्ड करून त्यात दीड इंची फळ्या वरून सरकवल्या, वर खिट्टी घातली, आणि साईडना जोडणारी साखळी टर्नबकलनं (फिरवून ताण देणाऱ्या स्क्रूनं) ताणली. वेल्डिंगआधी बॅटरीची मायनस वायर काढायचीच. नंबरप्लेट फाळक्यावर असेल तर दिव्यासकट बंपरवर घ्या.

जालन्याहून सळई आणायची असेल तर मात्र मिक्सर घरीच ठेवा. बाहेर आलेली टोकं वळणावर त्याच्यावर आदळतात.