डिस्चार्जनंतरची फाईल: एमआरडीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

सकाळी साडेआठला मी एमआरडीचं, म्हणजे रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागाचं, कुलूप उघडते तेव्हा मेडिकल वॉर्डाच्या मावशी दारात उभ्याच असतात, काखेत आदल्या दिवशीच्या डिस्चार्ज फायलींचा गठ्ठा. सातारा जिल्ह्यातल्या दोनशे खाटांच्या रुग्णालयात सोळा वर्षं मी हेच काम करतेय. नवीन मुलंमुली येतात तेव्हा त्यांना आधी कोडिंग, म्हणजे आजाराला ठरलेला कोड द्यायला, शिकायचं असतं. मी त्यांना आधी हा गठ्ठा घ्यायला शिकवते. फाईल हातात आली, त्या दिवशीच ती पूर्ण करून घ्यायची. कालच्या पेशंटचं डॉक्टरांना आज सगळं आठवतं. महिन्याने विचारलं तर ते आठवून नाही, अंदाजाने लिहितात.

गठ्ठा घेताना वॉर्डाचं डिस्चार्ज रजिस्टर समोर ठेवा आणि एकेक नाव वाचून फाईल घ्या. रजिस्टरात अकरा नावं आणि हातात दहा फायली असतील तर सही करू नका. अकरावी बहुतेक वेळा बिलिंगला असते, नाहीतर महात्मा फुले योजनेचे कागद स्कॅन करायला आरोग्यमित्रांच्या टेबलावर. दहा मिनिटांत सापडते. तीच आठवडा उलटल्यावर शोधायला निघालात तर अख्खा दिवस जातो. रात्री बारा वाजता सिस्टर जी खाटांची मोजणी लिहितात तिच्याशीही आकडा जुळवा. खाटा किती टक्के भरल्या, पेशंट सरासरी किती दिवस राहिला, हे सगळं त्या एका ओळीवरून निघतं.

मग फाईल उघडा आणि पानं लावा. प्रत्येक पानावर नाव आणि यूएचआयडी, म्हणजे पेशंटचा रुग्णालयातला क्रमांक, आहे का बघा. लॅबचा सुटा रिपोर्ट दुसऱ्याच पेशंटच्या फायलीत गेलेला मी कितीदा तरी पाहिलाय. नंतर त्रुटी शोधा: संमतीपत्रावर पेशंटची आणि साक्षीदाराची सही, भूलतज्ज्ञांची नोंद, ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज समरीवर डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. सह्या तर बघाच, पण मजकूरही वाचा. गेल्या वर्षी हर्नियाच्या एका फायलीत संमतीपत्रावर ‘डावा’ होतं आणि ऑपरेशनच्या नोंदीत ‘उजवा’. सगळ्या सह्या जागच्या जागी. नुसत्या सह्या मोजल्या असत्या तर फाईल रॅकवर गेली असती. सर्जन सरांकडे नेली. त्यांनी पेशंटला बोलावून टाके पाहिले. ऑपरेशन डाव्याच बाजूला झालं होतं, नोंद लिहिताना चूक झाली होती.

अशी दुरुस्ती कशी करायची ते नीट लक्षात घ्या. ज्यांनी लिहिलं त्यांनीच ती करायची. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख, वेळ. व्हाइटनर आपल्या खोलीत असूच नये. घाईत असलेले ज्युनिअर डॉक्टर म्हणतील, “तुम्हीच करा हो ताई, मी सही करतो.” तुम्ही करायचं नाही. पेन त्यांच्या हातात द्या आणि तिथेच उभ्या राहा.

कोडिंग आयसीडी-१० वर, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीवर, चालतं. आयसीडी-११ जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केली, तीही शिकत राहा, पण बहुतेक ठिकाणी रोजचं काम अजून दहावर आहे. आधी तिसऱ्या खंडातली अकारविल्हे सूची, मग पहिल्या खंडात तो कोड पडताळायचा. सूचीतून थेट कोड उचलला की खालची ‘हे यात धरू नये’ ही सूचना सुटते. आजींचा मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर एस७२.० एवढ्यावर थांबू नका. घसरून पडल्या हे सांगणारा डब्ल्यू०१ सोबत हवा. साप चावल्यावर विषबाधेचा टी६३.० आणि सापाशी संपर्काचा एक्स२०.

कीटकनाशकाच्या केसेस आमच्याकडे खूप येतात. विषाचा कोड टी६०.०, तो सोपा. फवारणी करताना अंगावर गेलं तर एक्स४८, स्वतःहून घेतलं तर एक्स६८, ठरवता येत नसेल तर वाय१८. फायलीत मात्र नुसतं ‘ओपी पॉयझनिंग’ (ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा) लिहिलेलं असतं. इथे आपण मनाने काहीही ठरवायचं नाही. वॉर्डात कुजबुज ऐकली म्हणून नाही, घरचे सांगतात म्हणूनही नाही. डॉक्टरांकडे फाईल न्या आणि त्यांच्याकडून लिहून घ्या. त्या एका कोडचा संबंध पोलीस तपासाशी, विम्याशी आणि त्या घराच्या गावातल्या वावराशी असतो. मला या कामात सगळ्यात जास्त जपावीशी वाटते ती ही जागा.

मृत्यूची फाईल असेल तर बाकीचं बाजूला ठेवून ती आधी घ्या. रुग्णालयातल्या मृत्यूला कारणाच्या प्रमाणपत्राचा नमुना ४ लागतो, घरी झालेल्या मृत्यूला ४-अ. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे निबंधकांना २१ दिवसांच्या आत कळवायचं असतं. नमुना ४ मध्ये पहिल्या ओळीवर ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच लिहून आलं तर आदराने परत न्या. हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच थांबतो, ते मृत्यूचं कारण नव्हे. साखळी अशी हवी: ‘अ’ मध्ये सेप्टिक शॉक, तो कशामुळे, तर ‘ब’ मध्ये न्यूमोनिया. आणि मधुमेह होता पण या साखळीत बसत नाही, तर तो भाग दोनमध्ये. मूळ कारण सगळ्यात खालच्या ओळीवर येतं आणि आकडेवारीत तेच मोजलं जातं. मृताचं नाव आधार कार्डावरून अक्षरन् अक्षर लावा. नावात एक काना चुकला तरी वारसाला नंतर हेलपाटे पडतात.

आता रॅक. आम्ही शेवटच्या दोन अंकांवरून फायली लावतो. ०८-४३-१७ ही फाईल असेल तर आधी १७ चा कप्पा, त्यात ४३, त्यात ०८. नव्या फायली सगळ्या कप्प्यांत सारख्या विभागल्या जातात, एकाच टोकाला गर्दी होत नाही. यातला धोका आपल्या मराठी आकड्यांत आहे. ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, आणि घाईत हात ३४ लिहून जातो. फोनवर नंबर घेताना नेहमी सुटे अंक बोला: शून्य आठ, चार तीन, एक सात. हाताने लिहिलेले १ आणि ९ ही तसेच फसवतात.

हे मी अनुभवाने सांगतेय. पाटण तालुक्यातले एक आजोबा बायकोच्या विम्यासाठी कागद मागायला एसटीने आले. फाईल जागेवर नव्हती. त्यांना परत पाठवावं लागलं. चार दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हाही नव्हती. त्या रात्री मी आकडे उलटे करून बघायला लागले आणि १७ च्या कप्प्यात ३४ मध्ये ती निघाली. लावणारा हात माझाच होता. तेव्हापासून फाईल सापडत नसली की आधी अंक उलटून बघते, मग मागेपुढे पाच-पाच फायली, मग डॉक्टरांची केबिन. आणि फाईल काढली की तिच्या जागी ट्रेसर कार्ड गेलंच पाहिजे: कोणी नेली, कधी, कशासाठी.

नावाने शोधायचं असेल तर बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावं विचारा. पहिल्या बाळंतपणाला माहेरच्या गावात नोंद एका नावाने आणि दुसऱ्याला दुसऱ्याच, हे नेहमीचं आहे. एकाच बाईचे दोन यूएचआयडी निघाले तर जुना कायम ठेवून नवा त्यात जोडून घ्या. आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) जोडतानाही १४ अंक दोनदा वाचा, एकीची माहिती दुसरीच्या खात्यात जायला वेळ लागत नाही.

कागद कोणाला द्यायचे? पेशंटला, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाला. लेखी अर्ज आणि ओळखपत्र घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत मागणी आल्यापासून ७२ तासांत प्रती द्यायची आणि आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं ठेवायची अट आहे. बिल बाकी आहे म्हणून कागद अडवणं मला पटत नाही, तसं सांगायला कोणी आलं तर हा नियम दाखवा. पोलिसांना जावक क्रमांक असलेल्या पत्रावरच, पोच घेऊन. एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसेसच्या, फायली वेगळ्या कपाटात, कुलपात, आणि कोर्टाच्या समन्सवर मूळ फाईल जाणार असेल तर पूर्ण झेरॉक्स आपल्याकडे राहिली पाहिजे. गर्भपाताचं रजिस्टर गोपनीय असतं, पाच वर्षं जपायचं. एचआयव्हीबद्दलची कोणतीही खूण फायलीच्या कव्हरवर नको. शेजारीण, भावकी, ओळखीचे कार्यकर्ते “सहज” विचारायला येतात. त्यांना बसायला सांगा, पाणी द्या, फाईल देऊ नका.

पावसाळ्याआधी सगळ्यात खालचा कप्पा रिकामा करा, जमिनीपासून वीतभर वर कागद ठेवा आणि भिंतीला टेकलेल्या रॅकच्या मागे वाळवीची माती दिसते का ते टॉर्च लावून बघा.

संध्याकाळी निघण्याआधी ट्रेसर कार्डं मोजा. ज्या फायलीला बाहेर जाऊन सात दिवस झाले असतील ती जिथे गेली त्या केबिनला फोन लावा, आणि उद्या सकाळी कोणत्या डॉक्टरांना कोणत्या त्रुटीसाठी गाठायचं ती नावं कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. राउंड नऊला सुरू होतो. त्याआधी जिन्यात भेटले तर दोन मिनिटं मिळतात.